अनुभव धागा: महागडं घड्याळ घेताना ब्रँड कसा ठरवला?

मंडळी, घरात ठराव मंजूर झालाय: पन्नाशीनिमित्त एक चांगलं घड्याळ घ्यायचं. बजेट पाच-सहा लाख. "मोबाइलमध्ये वेळ दिसते की" हे ऐकून झालंय, ते पुन्हा कुणी लिहू नका. ओमेगा, ट्यूडर आणि ग्रँड सेइको ही तीन नावं उरली आहेत आणि दुकानात गेलं की तिन्ही आवडतात. यूट्यूबवर तर प्रत्येकाला प्रत्येक घड्याळ आवडतं. तुम्ही घेतलं असेल, घेता घेता थांबला असाल, वडिलांकडून आलं असेल, तर पारडं शेवटी कशाने झुकलं ते लिहा. किंमत सांगायची सक्ती नाही. मनगटाचे फोटो नकोत, कारणं हवीत.

नाशिकहून, रेडिओलॉजिस्ट

माझं आधीचं ऑटोमॅटिक अचानक पळायला लागलं, दिवसाला काही मिनिटं पुढे. घड्याळजींनी खणातून छोटं होकायंत्र काढून घड्याळाजवळ धरलं, सुई गर्रकन फिरली. आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ धावतं. डीमॅग्नेटायझरवर ठेवून त्यांनी तिथल्या तिथे बरं करून दिलं, पण थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. हसू नका, यात एमआरआयचा दोष नाही. त्या खोलीत घड्याळ घालून कुणीच जात नाही, जाऊही नये. चोर घरातलेच: टॅबचं कव्हर, पर्सची खटकी, स्पीकर.

म्हणून ओमेगा अ‍ॅक्वा टेरा. त्यांची मास्टर क्रोनोमीटर घड्याळं १५,००० गॉसला (गॉस म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) तपासलेली असतात, आणि त्या चाचणीवर मेटास या स्विस सरकारी मापन संस्थेची मोहोर असते. १५,००० गॉस म्हणजे १.५ टेस्ला, आमच्या एमआरआय मशीनचाच आकडा. जाहिरातीतला एक तरी आकडा मला स्वतःला पारखता आला, एवढं पुरलं. चंद्रावर गेलेलं ते ओमेगाचंच स्पीडमास्टर, हे नाही, हे दर वेळी पाहुण्यांना सांगावं लागतं.

पुण्याहून, निवृत्त

आमच्या वेळी ब्रँड निवडायचा प्रश्नच नव्हता. एचएमटी. सिटिझनच्या मदतीने १९६१ मध्ये बंगळूरला कारखाना निघाला, आणि पुढे लग्नात जावयाला 'कांचन' द्यायचं म्हणजे सासऱ्यांना वशिला शोधावा लागायचा. सोनेरी, ऑटोमॅटिक, आणि दुकानात कधीच शिल्लक नाही. माझं अजून चालतं.

मुलगा म्हणाला बाबा, आता स्विस घ्या. मला हवं होतं ते मोठ्या भावाच्या हातातलं फावर लुबा सी किंग, चावीचं. १७३७ सालची कंपनी, मुंबईत १८६५ पासून. जुनं शोधणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: बाजारात 'मुंबई स्पेशल' नावाचा प्रकार सुळसुळाटाने मिळतो. जुनं मशीन, पण डायल नव्याने रंगवलेली. लाल, निळी, पोपटी, जी मूळ कंपनीने कधी काढलीच नाही. भिंग घेऊन सहाच्या आकड्याखालचं बारीक लिखाण पाहावं. मूळ छपाई सुईसारखी तीक्ष्ण असते, रंगवलेलीत अक्षरं फुगलेली आणि मिनिटांच्या रेघा पसरलेल्या. मी मळकटलेली, पिवळट पडलेली मूळ डायलच घेतली. मुलाला ती जुनाट वाटते. वाटू दे.

दुबईहून

माझी हकीकत छोटी आणि चिडकी आहे. ज्या ब्रँडचं नाव बारशापासून सगळ्यांच्या तोंडी असतं त्याचंच घ्यायचं होतं. दुकानात गोड बोलून नाव लिहून घेतलं. मग कळलं की यादीला क्रम असा नाहीच. "मॅडम, आमच्याकडून आधी काही घेतलंय का?" म्हणजे आधी नको असलेला दागिना घ्यायचा, मग हवं असलेलं घड्याळ पैसे देऊन घ्यायची परवानगी मिळवायची. पलीकडच्या गल्लीत तेच घड्याळ चढ्या भावाने काचेत मांडलेलं!

शेजारच्या दुकानात कार्टियेचं टँक होतं, क्वार्ट्झ. १९१७ सालचा आकार, चौकोनी, चावीवर निळा खडा. साडीवर, सूटवर, कशावरही शोभतं आणि माझ्या बारीक मनगटावर बसतं, जे चाळीस मिलिमीटरवाल्यांना कधी कळणार नाही. नवऱ्याचं मत: "एवढे पैसे देऊन सेलचं घड्याळ?" हो. सकाळी घाईत वेळ लावत बसायची नाही मला. फक्त पाण्यापासून जपा. मागे '३० मीटर' लिहिलेलं म्हणजे हात धुताना उडालेले थेंब चालतील इतकंच, पोहायला नाही.

वास्कोहून, माजी नौसैनिक

ट्यूडर ब्लॅक बे ५८. फ्रेंच नौदलाने अनेक वर्षं ट्यूडरची डायव्हिंगची घड्याळं वापरली, म्हणून घेतलं. ३९ मिमी, २०० मीटर, स्क्रूची चावी. समुद्रातून आलं की गोड्या पाण्याखाली धुवायचं आणि चावी नीट आवळली का ते पाहायचं. कोकण-गोव्यात चामड्याचा पट्टा घेऊ नका, एका पावसाळ्यात वास येतो. बाकी काही नाही.

पिंपरीहून, टूलरूम

मी डाय-पॉलिशिंग, म्हणजे साच्यांची घोटाई, करवून घेतो, त्यामुळे घड्याळ घेताना मशीनच्या आधी कडा बघतो. विक्रेत्याकडे भिंग मागितलं तर तो जरा चपापला, पण दिलं. स्विस ब्रँडचं नाव घेत नाही. काटे वरून छान, कडेला मात्र दात राहिलेले. मग ग्रँड सेइकोचं 'स्नोफ्लेक' हातात घेतलं. तासाच्या खुणा म्हणजे छोटे हिरेच, प्रत्येक पैलूची कड कोरी. केसवर, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचावर, जिथे आरशासारखा भाग संपतो आणि ब्रश केलेला सुरू होतो, तिथे रेघ अशी की नख अडेल. याला ते झरात्सु म्हणतात. फिरत्या चकतीच्या सपाट तोंडावर हाताने धरून घासायचं. जरा हात हलला की कड गोल झालीच. आमच्याकडे असा हात असलेला माणूस निवृत्त झाला की दुसरा सापडत नाही, त्यामुळे मला त्या किमतीचं कोडं पडलं नाही.

आत स्प्रिंग ड्राइव्ह. ताकद चावीच्या स्प्रिंगची, पण वेगावर लगाम क्वार्ट्झ स्फटिकाचा, तोही विद्युतचुंबकीय ब्रेकने. सेल नाही. दिवसाला फरक एक सेकंद, आणि सेकंद काटा टिकटिक न करता तेलासारखा सरकतो. शिवाय टायटॅनियम. ज्यांना स्टीलमधल्या निकेलने घामाच्या दिवसांत पुरळ येतं त्यांनी नक्की विचार करावा. एक सांगतो, सासरवाडीत कुणीही ओळखलं नाही. "सेइको का? आमच्याकडेही आहे."

ठाण्याहून, सीए

आमच्या धंद्यातलं थोडं. दोन लाखांच्या वर पॅन द्यावंच लागतं, आणि तेवढी रोकड दुकानदाराने घेणंच बेकायदा आहे. दहा लाखांवरच्या घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच दुकानदार वसूल करतो तो कर. रिटर्न भरताना तो वळता करून घेता येतो, तेव्हा पावती जपा. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देशांच्या गटाचा करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय, स्विस घड्याळांवरचं सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने सात वर्षांत उतरणार आहे. म्हणून थांबायचं का? पन्नाशी थांबणार नाही, आणि कंपन्या भाव वाढवतातच. परदेशातून हातात घालून आणलं म्हणजे ड्युटी माफ होते ही समजूत मात्र विमानतळावर महागात पडते.

लातूरहून

सगळं वाचलं, दुकानंही फिरलो. टायटन एज घेतलं आणि उरलेल्या पैशांत विहिरीचं काम काढलं.

साताऱ्याहून, घड्याळजींच्या घरातला

काका, तुम्ही तिन्हींत अडकलाय तर एक प्रश्न दुकानातच विचारा: ऑइलिंगला घड्याळ कुठे जाणार आणि किती महिन्यांनी परत येणार? 'इथेच होईल' आणि 'बाहेर पाठवावं लागेल' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या दुकानात ईटीए किंवा सेलिटा या मशीन बनवणाऱ्या कंपन्यांचं मशीन असलेलं घड्याळ आलं तर वडील अजूनही खोलतात, सुटे भाग मिळतात. पण कंपनीचं स्वतःचं मशीन असेल तर बऱ्याच ब्रँडचे भाग बाहेरच्या माणसाला मिळतच नाहीत. तुमच्या यादीतली तिन्ही बहुतांशी या दुसऱ्या गटातली, म्हणजे कंपनीच्याच दारात जावं लागणार. साधारण पाच ते दहा वर्षांनी हा खर्च येतो, तो आजच धरून चाला.

आणि घड्याळाची केस पॉलिश करू देऊ नका. सर्व्हिसला देताना कागदावर लिहूनच द्या. पिंपरीच्या दादांनी सांगितलेली ती कड एकदा घासली गेली की परत आणता येत नाही.

धागाकर्ता

हे विचारलंच नव्हतं मी कुणाला. शनिवारी तिन्ही दुकानांत हाच प्रश्न घेऊन जातो. पिंपरीकर, भिंग कितीचं घेऊ, दहापट पुरेल का?

पिंपरीहून, टूलरूम

पुरेल. आणि दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली नाही, दाराशी उजेडात बघा.