महाड तालुक्यातल्या गावाचा आपत्तीचा धोका मोजायचा कसा?

सावित्रीकाठ:
नमस्कार मंडळी, ग्रामपंचायतीचा आपत्ती आराखडा नव्याने करायचं काम आम्हा काही जणांवर आलंय. जुन्या आराखड्यात पूर, दरड, वादळ, भूकंप सगळ्यांपुढे नुसतं "मध्यम" लिहिलंय आणि खाली फोन नंबर, त्यातले निम्मे बंद. एक वस्ती नदीला लागून, दोन वाड्या वर डोंगरउतारावर. कुठल्या वाडीला कशाचा धोका जास्त हे ठरवायचं कसं? पावसाळ्याआधी नीट व्हायला हवं.

भूगोलवाला:
अख्ख्या गावाला एकच शब्द लावू नका, वाडीनिहाय करा. "किती वेळा होतं" आणि "झालं तर किती माणसं जातील" हे रकाने वेगळे ठेवा, कारण पूर तुमच्याकडे नेहमीचाच पण दरड क्वचित येते आणि आली की काही मिनिटांत वाडी गाडते. 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते, मग 22 जुलै 2021 ला तळीये, तिथे 80 च्या वर माणसं गेली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर दरडप्रवण भागाचा नकाशा आहे पण तो 1:50,000 चा, म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर, त्यात तुमची वाडी ठिपक्याएवढी दिसणार. सुरुवात तिथून करा, निकाल त्यावर देऊ नका. भूकंपाचा रकानाही भराच, 1967 चा कोयनेचा धक्का काही फार लांबचा नव्हे.

खाडीपट्टा:
पुरासाठी महाडचा पाऊस बघून भागत नाही, महाबळेश्वरचा बघा, सावित्री तिथूनच येते. 2021 ला तिथे 24 तासांत जवळपास 600 मिलिमीटर पडला. त्यात काळ आणि गांधारी महाडलाच येऊन मिळतात, आणि खाली बाणकोटच्या खाडीला भरती असली की पाण्याला वाटच मिळत नाही. तो पूर गुरुपौर्णिमेच्या तोंडावर आला होता, उधाणाचे दिवस. म्हणून भरतीचं वेळापत्रक आराखड्यात हवंच हवं. पाटबंधारे खात्याकडून निळी आणि लाल पूररेषा मागवा, निळी 25 वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. शिवाय घरोघरी भिंतीवरच्या 2005 आणि 2021 च्या खुणा टेपने मोजून घ्या, त्याच्याइतकी खरी माहिती कुठेच नाही.

डोंगरवाडी:
यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहू नका हो! 2023 ला इर्शाळवाडी गेली ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतीच. आणि तिथे गाडीरस्ता नसल्याने मदत करणाऱ्यांना डोंगर चढून जावं लागलं, त्यामुळे बाहेर पडायची वाट हासुद्धा धोक्याचाच भाग धरा. पूल पण धरा, 2016 ला सावित्रीचा जुना पूल रात्रीत वाहून गेला. वर जाऊन बघा, जमिनीला भेगा आहेत का, झाडं-खांब कललेत का, रस्त्यासाठी किंवा घरासाठी डोंगर कुठे कापलाय. झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा नवीनच जागी पाणी फुटलं तर पंचनाम्याची वाट बघू नका, माणसं हलवा. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस किंवा बाळंतीण आहे हे आशाताईंना तोंडपाठ असतं, त्यांना सोबत घ्याच.

सावित्रीकाठ:
खूप आभार. खुणा मोजायला याच रविवारी सुरुवात करतो. पण एक अडचण दिसतेय, जुन्या आराखड्यात निवारा म्हणून शाळा लिहिलीय आणि शाळा नदीकडच्या वस्तीतच आहे.

खाडीपट्टा:
मग आधी तेच बदला. लाल रेषेच्या वर पण उताराच्या पायथ्याशी नाही अशी जागा शोधा, मंदिराचा सभामंडप चालेल, शेजारच्या गावातली असली तरी चालेल. फक्त तिथे जाताना ओढा ओलांडावा लागतो का ते भर पावसात चालून बघा.