मदत हवी आहे: हातकागदाच्या लॅम्पशेडचा जोड दिवा लावल्यावर काळपट दिसतो

ड्रम आकाराची शेड आहे. व्यास 30 सेंमी, उंची 22 सेंमी, 3 मिमी तारेचा सांगाडा, चार उभ्या तारा, आत 7 वॅटचा एलईडी. कागद सुती चिंध्यांचा, 80 जीएसएम (चौरस मीटरला 80 ग्रॅम), ताव 56 × 76 सेंमी. घेर 94 सेंमीच्या आसपास, म्हणजे दोन जोड अटळ. ते समोरासमोरच्या तारांवरच घेतले आहेत.

आधी 1 सेंमी कड एकावर एक चढवली. तारेपेक्षा पट्टा रुंद, त्यामुळे सावली पडते. मग ब्रशने पाण्याची रेघ ओढून कड फाडली, तंतू मोकळे केले आणि 5 मिमीच चढवले. जोड जवळजवळ दिसेनासा झाला, फारच सुंदर! पण कागद ओलसर करून ताणला होता. वाळताना आकसला आणि मैद्याच्या खळीचा जोड उकलला. पीव्हीए, म्हणजे लाकूडकामाचा पांढरा गोंद (पाणी निम्मे) धरतो, मात्र उजेडात त्याची चकचकीत रेघ उठते. कागद कोरडाच चिकटवला तर पावसाळी हवेत सैल पडतो.

प्लास्टिक शीटचे अस्तर नको, तंतूंची जाळी मंदावते.

फाडलेल्या कडेसाठी खळीत पीव्हीए किती मिसळावा? आणि कागद आधी ओलवावा, की जोड पूर्ण वाळल्यावर बाहेरून फवारा मारावा?