तोच टीएलडी बॅज परत वापरतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही

एकाने विचारलंय की टीएलडी बॅज (एक्सरेसारख्या किरणांजवळ काम करणाऱ्यांच्या अंगावर लावलेला, किरणांचा डोस मोजणारा बॅज) दर तिमाहीला बदलून येतो तर आतलं कार्ड नवं असतं का. नाही हो, तेच कार्ड फिरत असतं, आणि ते चालतं. आपल्याकडच्या बीएआरसीवाल्या (भाभा अणु संशोधन केंद्राच्या) बॅजच्या कार्डावर कॅल्शियम सल्फेट डिस्प्रोशियम आणि टेफ्लॉनच्या तीन चकत्या असतात, रीडरमध्ये गरम केल्या की किरणांमुळे साठलेली एनर्जी उजेड म्हणून बाहेर पडते, तो मोजला की डोस कळला. मग २३० डिग्रीला चारेक तास भाजायचं की पाटी कोरी! लिथियम फ्लोराइडच्या नेहमीच्या चिप्सना मात्र ४०० डिग्री लागतात, आणि नंतर थंड कशा केल्या त्यावरही सेन्सिटिव्हिटी हलते, म्हणून प्रत्येक चिपचा वेगळा फॅक्टर (आकडा दुरुस्त करायचा गुणक) काढून ठेवतात.

खरी गडबड मोठा डोस बसलेल्या कार्डात, थोडी एनर्जी उरतेच, परत भाजून रीडिंग झीरो येतं का बघावं लागतं. बोटाचा तेलकटपणाही खोटा उजेड देतो म्हणून चिमटा वापरायचा.

बाकी आमच्याकडे एकाचा डोस भरमसाठ आला, कार्ड जुनं म्हणून सगळे ओरडले, निघालं काय तर अ‍ॅप्रनसकट बॅज एक्सरे रूममध्येच खुंटीला 😀