गोष्ट सांगणारे गायक-गीतकार: पुढे कोणाला ऐकू?

मंडळी, मदत हवी आहे. अमेरिकन गायक-गीतकार जॉन प्राइनचा १९७१चा पहिला अल्बम सध्या डोक्यातून जात नाहीये. शिकागोजवळ टपाल वाटता वाटता या माणसाने गाणी रचली. व्हिएतनामहून व्यसन घेऊन परतलेल्या सैनिकाचं 'सॅम स्टोन' ऐकलं आणि गप्पच झालो. अख्खं घर डोळ्यांसमोर उभं राहतं, अन् चाल किती साधी!

मग ल्युसिंडा विल्यम्सचा १९९८चा 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड' लावला. गिटारी रॉकच्या अंगाने जाणाऱ्या, शब्द मात्र तितकेच नेमके. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' (१९८२, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर घरीच केलेला) पाठ झालाय, तो सोडून सुचवा. बॉब डिलनवरून वाद नकोत, प्लीज.

फोक, कंट्री, रॉक यांची कशीही सरमिसळ चालेल, पण गाण्यात माणसं हवीत, काहीतरी घडायला हवं. कंट्री गाण्यांतले नेहमीचे नुसते ट्रक आणि बिअर नकोत. २००० नंतरचं कोण ऐकावं? जेसन इसबेलची सुरुवात त्याच्या 'साउथईस्टर्न' अल्बमपासून करू, की आधी 'ड्राइव्ह-बाय ट्रकर्स' या बँडमधला त्याचा काळ? गायिका आठवत असतील तर त्या आधी सांगा. आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडचे उच्चार मला पटकन कळत नाहीत, तेव्हा शब्द स्पष्ट ऐकू येणारा एखादा लाइव्ह अल्बमही चालेल.