मन्रो वर्तुळातलं जलरंग चित्र: माउंट (मागे चिकटवलेला पुठ्ठा) सोडवावा का? मदत हवी आहे

इटलीतला डोंगर आणि तळं, पेन्सिलीच्या रेषांवर निळा-करडा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर. 1790 च्या दशकात लंडनमध्ये संग्राहक डॉ. टॉमस मन्रोंच्या घरी चित्रकार गर्टिन रेखाटन करायचा, चित्रकार टर्नर वॉश द्यायचा, तशीच ही धाटणी. सही नाही, तिथल्या चित्रांवर ती सहसा नसतेच.

उजेडासमोर धरल्यावर जाळीच्या रेषा दिसत नाहीत, म्हणजे कागद वोव्ह (जाळीच्या रेषा न उमटणारा प्रकार). जलचिन्हातलं 'व्हॉटमन' हे कागद बनवणाऱ्याचं नाव कसंबसं वाचता येतं, सालापुढे जाड पुठ्ठा आड येतो. 1794 किंवा नंतरचं साल निघालं, तर चित्र त्याआधीचं नाही एवढं पक्कं होईल.

ढग गुलाबी झालेत. इंडिगो (निळीचा रंग) उजेडाने उडाला, त्यात मिसळलेला तांबडा उरला. फ्रेमच्या कडेखालची जेमतेम 3 मिमी पट्टी मात्र अजून सुंदर निळी-करडी आहे.

पुठ्ठा सरसाने पूर्ण चिकटवलेला, भोवती शाईच्या रेघा आणि फिकट हिरवा पट्टा. ती जुन्या संग्राहकाची खूण असू शकते, ती जपायचीच आहे. पाणी लागलं तर वॉशला डागाची कड येईल. मागून पुठ्ठ्याचे थर कोरडेच सोलून, शेवटच्या थरावर मिथाइल सेल्युलोजचा (सरस हळूहळू मऊ करणाऱ्या जेलचा) घट्ट लेप देणं कितपत सुरक्षित? की पुठ्ठा न काढता साल वाचायचा मार्ग आहे?