बोलणे स्पष्ट आहे, मग गिळण्यासाठी स्पीच थेरपिस्ट कशाला?

प्रश्न

नमस्कार. माझ्या वडिलांना (वय ७१) दीड महिन्यापूर्वी पक्षाघाताचा झटका आला. हातापायांत आता बरीच ताकद आली आहे आणि बोलणेही पूर्वीइतकेच स्पष्ट आहे. जेवताना त्रास होत नाही, मात्र पाण्याच्या दोन-तीन घोटांनंतर हमखास ठसका लागतो आणि मग काही वेळ, गुळणी तोंडात धरून बोलावे तसा ओलसर आवाज येतो. मेंदूविकारतज्ज्ञांनी स्पीच थेरपिस्टकडे जायला सांगितले आहे. वडील म्हणतात, "या वयात मला बोलायला कोण शिकवणार?" मलाही प्रश्न पडला आहे की, बोलण्यात दोष नसताना या तज्ज्ञांकडे का जायचे, आणि घास सहज उतरतो तर पाणीच का अडते?

प्रतिसाद १

मी याच क्षेत्रात काम करते. आमच्या पदनामातला 'स्पीच' हा शब्द लोकांची नेहमीच दिशाभूल करतो. स्वरतंतूंचे मूळ काम बोलणे नसून श्वासनलिकेच्या दाराची राखण करणे हे आहे. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहा, तो झटकन वर सरकलेला जाणवेल. त्या जेमतेम सेकंदभरात स्वरयंत्र वर आणि पुढे उचलले जाते, एपिग्लॉटिसचे झाकण खाली वळते, स्वरतंतू मिटतात, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. घास सावकाश सरकतो, त्यामुळे मंदावलेल्या यंत्रणेलाही वेळ मिळतो. पाणी मात्र दार मिटण्याआधीच तिथे पोहोचते. ओलसर आवाज बहुधा स्वरतंतूंवर साचलेल्या द्रवाचा असतो. तुम्ही तो टिपलात हे फार बरे झाले, कारण बरेच जण केवळ ठसक्याकडे लक्ष देतात.

ठसका लागत नाही म्हणजे सारे ठीक आहे, असेही समजू नका. पक्षाघातानंतर घशाची संवेदना मंदावली, तर पाणी श्वासनलिकेत उतरूनही खोकला येत नाही, आणि असा मूक प्रकार बाहेरून पाहून ओळखता येत नाही. त्यासाठी दोन तपासण्या आहेत. एकीत बेरियम मिसळलेले घोट आणि घास गिळताना क्ष-किरणांखाली चलतचित्र घेतात. दुसरीत नाकातून लवचीक दुर्बीण घालून घसा वरून पाहतात. दुर्बिणीत ऐन गिळण्याच्या क्षणी घसा आवळला जाऊन पडदा पांढरा होतो, म्हणून आम्ही त्याच्या आधी काय सांडले आणि नंतर काय उरले, यावरून निष्कर्ष काढतो.

प्रतिसाद २

आमच्या आईच्या वेळी मी एक चूक केली, ती तुम्ही करू नये म्हणून लिहितो. हनुवटी छातीकडे झुकवून गिळावे, असे एका व्हिडिओत पाहून मी तिला आठवडाभर तसेच पाणी पाजले. पुढे दुर्बिणीच्या तपासणीत दिसले की, गिळून झाल्यावर घशाच्या एका बाजूच्या खोबणीत पाणी उरत होते आणि हनुवटी खाली जाताच तेच श्वासनलिकेकडे ओघळत होते. थेरपिस्टनी तिला मान दुबळ्या बाजूला वळवून गिळायला लावले; त्यामुळे ती बाजू दबते आणि घोट सशक्त बाजूने उतरतो. एकाला तारणारी युक्ती दुसऱ्याला कशी बाधते, हे मी त्या पडद्यावर पाहिले.

प्रतिसाद ३

थोडे अवांतर, पण विषय त्याच दाराचा आहे. दोन वर्षे माझ्यावर दम्याचे उपचार चालू होते. व्यायाम करताना एकाएकी घसा आवळल्यासारखा होई, श्वास आत घेताना आवाज येई आणि इनहेलरचा काही उपयोग होत नसे. अखेर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दाखवले की, श्वास घेताना उघडायला हवेत ते स्वरतंतू माझ्या बाबतीत मिटत होते. नाकाने हुंगल्यासारखा श्वास घेऊन ओठांचा चंबू करून तो सोडण्याची सवय मला स्पीच थेरपिस्टनीच लावली. बोलण्याविषयी आमच्यात चकार शब्द झाला नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना कंठमण्यावर बोट ठेवायला लावले, तेव्हा कुठे ते तयार झाले. भेट पुढच्या आठवड्यात आहे. तोवर पाणी घट्ट करण्याची पावडर आणावी का?

प्रतिसाद १

स्वतःच्या अंदाजाने आणू नका. दाटपणाच्या ठरावीक पातळ्या असतात आणि १० मिलीच्या सिरिंजमधून १० सेकंदांत किती द्रव खाली उतरतो, यावरून त्या मोजतात. गरजेपेक्षा दाट पाणी रुग्णाला नकोसे होते, तो कमी पितो आणि शरीर कोरडे पडते. मेंदूविकारतज्ज्ञांना आजच फोन करून तोवर पाणी कसे द्यावे, हे विचारा. ताप, छातीत घरघर किंवा धाप जाणवल्यास भेटीची वाट न पाहता रुग्णालयात न्या. दात, जीभ आणि कवळी मात्र दिवसातून दोनदा नीट स्वच्छ करा, कारण चुकून आत गेलेल्या पाण्याबरोबर तोंडातले जंतू फुप्फुसांत उतरतात आणि न्यूमोनियाला तेच कारण ठरू शकतात. तपासणीला येताना कवळी आणि वडील रोज वापरतात तो पेला बरोबर आणा. ते घरी जसे पितात, तसेच आम्हाला पाहायचे असते.