नागपूरचं गव्हर्नमेंट डेंटल की पुण्यातलं डीम्ड? बहिणीसाठी विचारतोय

बार्शीकर_दादा:
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं एमबीबीएस थोडक्यात हुकलं पण बीडीएसच्या (दातांच्या डॉक्टरकीच्या) दोन सीट आल्यात आणि घरात चार दिवस झाले त्यावरच चाललंय. एक स्टेटच्या कॅप राउंडमधून (राज्याच्या प्रवेश फेरीतून), नागपूरचं गव्हर्नमेंट डेंटल. दुसरी एमसीसीच्या (देशपातळीवरच्या कौन्सेलिंग कमिटीच्या) पहिल्या राउंडमधून, पुण्यातलं एक डीम्ड, म्हणजे खाजगी अभिमत विद्यापीठाचं, ट्यूशन फीच वर्षाला चार लाखाच्या पुढं, होस्टेल मेस वेगळं. आम्ही ओबीसी, वडील एसटीत कंडक्टर, तीन एकर कोरडवाहू. आई म्हणते पुणं चार-पाच तासांवर, पोरगी आजारी पडली तर संध्याकाळपर्यंत पोचता येतं, नागपूरला जायचं म्हणजे रात्र काढायची गाडीत. वडील म्हणतात लोन काढू पण जवळ राहू दे. बहीण काहीच बोलत नाही, विचारलं की तुम्ही ठरवा म्हणते आणि मला तेच जास्त लागतंय. पुण्याचं बघून आलो, बिल्डिंग चकाचक, सगळ्या चेअर नव्या. नागपूर अजून बघितलं नाही. रिपोर्टिंगला थोडेच दिवस राहिलेत, जे स्वतः शिकलेत त्यांनी सांगा प्लीज.

लातूरची_डेंटिस्ट:
मी नागपूर जीडीसीचीच, आता लातूरला माझं दोन चेअरचं क्लिनिक आहे. दादा बिल्डिंग बघू नका, ओपीडी बघा. सकाळी साडेनऊ-दहाला जाऊन केसपेपरच्या खिडकीपाशी अर्धा तास नुसतं उभं राहा. पहिली दोन वर्षं अ‍ॅनाटॉमी, फिजिओ, बायोकेम, फार्मा, मेणाचे दात कोरायचे, फँटम हेडवर, म्हणजे दात बसवलेल्या पुतळ्याच्या डोक्यावर, हात बसवायचा, हे कुठल्याही बऱ्या कॉलेजात होतं. खरं कॉलेज कळतं थर्ड इयरला क्लिनिकल पोस्टिंग लागल्यावर, कारण तेव्हा खुर्चीत माणूस लागतो.
आणि नागपूरला माणूस कमी पडत नाही. विदर्भात खर्रा चालतो, सुपारी तंबाखू चुना घोटून केलेला, वीस-बावीस वर्षांची पोरं येतात ज्यांच्या तोंडात दोन बोटं शिरत नाहीत, गालाची आतली कातडी पांढरी आणि ताठ झालेली. या आजाराला ओएसएमएफ म्हणतात. पुस्तकात त्याचे दोन फोटो असतात, आम्ही ते एका सकाळी चार-चार बघायचो. ओरल मेडिसिनच्या पोस्टिंगला मला एका बाईंच्या जिभेच्या कडेला छोटासा चट्टा दिसला, त्या दाढ दुखते म्हणून आल्या होत्या, मॅडमना दाखवला, बायोप्सी झाली, कॅन्सर निघाला, लवकर सापडला म्हणून ऑपरेशनवर भागलं. तेव्हापासून माझ्याकडे कोणीही कशासाठीही येवो, मी जीभ बाहेर काढून दोन्ही कडा बघते, गाल आतून चाचपते. ही सवय मला त्या ओपीडीनं लावली.
वाईट पण सांगते. आमच्या वेळी बऱ्याच चेअर जुन्या होत्या, एअरोटर हँडपीस (दात कोरायचं ड्रिल) स्वतःचा घ्यावा लागला, एक्सरेला रांग. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसला जातं, बार्शीचा उकाडा त्यापुढं काही नाही. आणि पहिली दिवाळी होईपर्यंत ती रडणार, फोनवर तुम्हाला कळेल, तेव्हा परत ये म्हणू नका.

पिंपरीवाला_बीडीएस:
मी प्रायव्हेटमधून केलं, कॉलेजचं नाव घेत नाही. आमच्याकडे पेशंटच नव्हते. फायनलला ठराविक केसेसचा कोटा पूर्ण करायचा म्हणून आम्ही रिक्षा स्टँडवर, मेसच्या मावशींना, वॉचमनला विचारत फिरायचो, वर केसपेपर आणि कवळीचे पैसे आपल्याच खिशातून. एका आजोबांना आमच्या बॅचनं आणि आमच्या आधीच्या बॅचनं, दोनदा कवळी करून दिली. पास झालो पण पहिल्या नोकरीत अक्कलदाढ काढताना हात थरथरत होता आणि समोरच्या माणसाला ते कळत होतं, ते मी विसरलो नाही. इंटर्नशिपपर्यंत किती एक्स्ट्रॅक्शन (दात काढणं) आणि किती आरसीटी (रूट कॅनाल) स्वतःच्या हातानं होतात हे तिथल्या फायनल इयरच्या पोरांना विचारा, कॉलेजच्या ऑफिसला नको.

मुलीची_आई_सांगली:
माझी मुलगी डीम्डला आहे म्हणून लिहिते. सगळी डीम्ड तशी नसतात. तिच्या कॉलेजची बस गावोगाव कॅम्प घेऊन पेशंट आणते, मायक्रोस्कोपखाली आरसीटी, सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन), इम्प्लांट, हे ती रोज बघते. तिला लहानपणापासून दमा, म्हणून आम्ही जवळचं घेतलं आणि पश्चात्ताप नाही. पण आमच्या घरात दोन पगार आहेत. नवीन बीडीएसला दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये सुरुवातीला जे मिळतं त्यात चार वर्षांच्या फीचा हप्ता निघत नाही, आणि पुढं एमडीएस (पोस्ट ग्रॅज्युएशन) करायचं तर नीट एमडीएस सगळ्यांना सारखीच. लोन काढून मी नसतं घातलं.

कॅप_राउंड_मदत:
दोन गोष्टी लक्षात ठेवा. 8 जुलै 2024 च्या जीआरनं ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण ते कॅपमधून घेतलेल्या सीटला, डीम्डला लागू नाही. महाडीबीटीवर (राज्य सरकारचं स्कॉलरशिप पोर्टल) फॉर्म वेळेत भरा, नॉन क्रिमीलेअर आणि कास्ट व्हॅलिडिटी हाताशी ठेवा. दुसरं, एमसीसीकडे डीम्डसाठी भरलेलं दोन लाख डिपॉझिट. पहिल्या राउंडला फ्री एक्झिट असतो, जॉइन नाही केलं तर ते जात नाही, दुसऱ्या राउंडला हे चालत नाही. ओरिजिनल कागद एका कॉलेजात अडकवून दुसरीकडे पळापळ करू नका. आणि नागपूर नक्की असेल तरच स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरा, तो भरला की पुढच्या राउंडमधून तुम्ही बाहेर.

बार्शीकर_दादा:
सगळ्यांचे आभार, मनापासून. काल रात्री लातूरच्या ताईंचा रिप्लाय बहिणीला वाचायला दिला. दोनदा वाचला तिनं. मग म्हणाली मला पहिल्यापासून नागपूरच पाहिजे होतं, पण आई रडली असती आणि बाबा जमिनीवर लोन काढायला निघालेत हे बघून बोलायचं धाडस झालं नाही. आईचं तोंड अजून उतरलेलंच आहे. तरी सकाळी तिनंच विचारलं थंडीत तिथं स्वेटर लागतो का म्हणून. पुण्याला जॉइन करत नाही आहोत, परवा आम्ही तिघं नागपूरला निघतोय. ताई, सुरुवातीला काय काय विकत घ्यावं लागतं?

लातूरची_डेंटिस्ट:
लागतो, डिसेंबर-जानेवारीत चांगला जाड लागतो, आईंना सांगा. नवीन काही घेऊ नका आत्ताच. बोन सेट, कार्व्हिंगची हत्यारं, पुढं टायपोडॉन्ट (सरावाचा दातांचा साचा) आणि आर्टिक्युलेटर (जबड्याची हालचाल दाखवणारं उपकरण), सगळं सीनियर मुली निम्म्या किमतीत देतात. फक्त दोन एप्रन आणि एक चांगली पांघरायची गोधडी घेऊन या. कोल्हापूर-नागपूर गाडी कुर्डुवाडी, लातूरवरून जाते पण रोज नसते, वार बघून तिकीट काढा. लातूरला गाडी थांबते तेव्हा मेसेज करा, मी स्टेशनवर येते, तिच्याशी पाच मिनिटं बोलते.